खडा कधी खोटे बोलत नाही

हळदीकुंकवाला एखाद्या बोटात नवी अंगठी दिसली की बदलापुरातल्या कुठल्याही सोसायटीत पुढची दहा मिनिटे प्रयोगशाळा भरते. अंगठी हातोहात फिरते. एक बाई तिच्यावर फुंकर घालतात, दुसऱ्या ती ट्यूबलाइटसमोर धरून एक डोळा मिटतात, तिसऱ्या गालाला लावून "गार लागतोय हं" असा अहवाल देतात, आणि मोती असेल तर चौथ्या तो सरळ दाताखाली घालतात. निकाल सगळ्यांचा एकच असतो, "छान आहे हो!" खडा पास झाला की नापास, ते त्यातला "हो" किती लांबवला यावरून ओळखायचे. या सगळ्या परीक्षांच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते म्हणजे खोटेपणा खड्यात असतो. ते गृहीतच चुकीचे आहे. काच ही शंभर टक्के खरी काच असते. भट्टीत बनवलेले माणिक हे भट्टीत बनवलेले अस्सल माणिकच असते. पितळेच्या कोंदणात बसलेला बिचारा खडा स्वतःहून कधी कुणाला "मी बर्माचा आहे" असे सांगायला गेलेला नाही. खोटे असते ते त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी उच्चारलेले वाक्य. आपण मात्र बोलणाऱ्याला चहा पाजून निरोप देतो आणि घरी आल्यावर मुद्देमालाची उलटतपासणी घेतो.

ही उलटतपासणी कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. हिऱ्यावर घातलेल्या फुंकरीची वाफ टिकत नाही, काचेवर टिकते, ही सर्वांत लोकप्रिय परीक्षा. तिच्यामागे शास्त्रही आहे. हिरा उष्णता फार झपाट्याने वाहून नेतो, त्यामुळे वाफेचा पापुद्रा चटकन उडतो. पण मुळात वाफ धरायला खडा श्वासापेक्षा गार असावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा फ्रिजबाहेरची एकही वस्तू श्वासापेक्षा गार नसते. त्या दिवसांत बदलापुरात खिडकीची काचसुद्धा हिरा ठरते. जुलैत उल्हास नदी दुथडी भरली की हवाच इतकी ओली असते, की अस्सल हिऱ्यावरची वाफही रेंगाळते. म्हणजे ही परीक्षा हिऱ्याची कमी आणि हवामानाची जास्त. काचेवर ओरखडा काढून बघण्याची तऱ्हा तीच. काठिण्याच्या मोजपट्टीवर हिरा १०, काच साडेपाचच्या आसपास, पण सह्याद्रीच्या कुठल्याही ओढ्यात सापडणारी गारगोटी ७. ती ही परीक्षा पहिल्या वर्गात पास होते. माणिक दुधात टाकले की दूध लालसर दिसते म्हणतात. लाल बांगडीचा तुकडा टाकला तरी तसेच दिसते. या प्रयोगातून खात्रीने सिद्ध होते ते एवढेच, की ते दूध आता चहाला चालणार नाही. नीलम तीन रात्री उशाखाली ठेवायचा आणि वाईट स्वप्न पडले तर परत करायचा, हीसुद्धा एक पद्धत आहे. सकाळची लोकल चुकल्याचे स्वप्न ज्या गावाला खड्याविनाच पडते, तिथे ही परीक्षा घेणे नीलमावर अन्याय आहे.

घणाची परीक्षा तर सगळ्यांवर कडी करते. हिरा ऐरणीवर पारखावा हे आपण संतवाणीपासून ऐकत आलो आहोत, आणि पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीनेही तसेच काहीसे लिहून ठेवले आहे. संतांना पारखायची होती माणसे, त्यामुळे त्यांचे काही बिघडले नाही. हिरेवाल्याचे मात्र बिघडते. काठिण्य म्हणजे ओरखडा न उठणे. फुटणे ही निराळी गोष्ट. हिऱ्याला चार दिशांनी सरळ चीर जाते आणि कारागीर शतकानुशतके नेमकी ती दिशा हेरून हिरे तोडत आले. घण घातला की अस्सल हिऱ्याचाही चुरा होतो, आणि जमलेली मंडळी मान हलवून म्हणतात, "बघा, खोटाच होता." खरा खडा हमखास नापास होतो आणि अपील करायलाही उरत नाही, अशी जगातली ही एकमेव परीक्षा असावी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. इतक्या पिढ्यांच्या या परीक्षा काय उगाच चालत आल्या? मुळीच नाही. आपले पूर्वज या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी सावध होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात घ्यायच्या रत्नांच्या परीक्षेसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत हिरा, मोती, माणिक, पाचू यांवर अध्याय लिहिले. गरुडपुराण तर काच, स्फटिक, गोमेद यांपासून बनावट हिरे करणाऱ्या चतुर लोकांची रीतसर दखल घेते. तेव्हा फसवणूक हे कलियुगातल्या एखाद्या मार्केटचे संशोधन नव्हे. पण त्या परीक्षा त्या काळच्या नकलेसाठी होत्या. समोर काच किंवा दुसरा एखादा स्वस्त दगड असेल, तर काठिण्य, वजन, गारवा यांवरून जाणत्या माणसाला फरक कळे. मग १९०२ मध्ये ऑग्युस्त व्हर्न्यूई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने आपली पद्धत जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी, त्यात चिमूटभर क्रोमियम, हायड्रोजन आणि ऑक्सिजनची ज्योत. वरून भुकटी ज्योतीतून गळते आणि खाली काही तासांत माणकाचा कांडा वाढतो. रसायन तेच, काठिण्य तेच ९, प्रकाश वाकवण्याची रीत तीच. हे माणिक गालाला गार लागते, दुधात लाल दिसते, काचेवर ओरखडे काढते. ते आजीच्या सगळ्या परीक्षा गुणवत्ता यादीत येऊन पास होते, कारण त्या परीक्षा माणिक ओळखण्यासाठी होत्या आणि हे माणिकच आहे. ते जमिनीत जन्मले की ज्योतीत, हा प्रश्न कुठल्याच आजीने काढला नव्हता.

बरे, भिंगाखाली हा जन्म कळतो. ज्योतीतल्या माणकात वाढीच्या रेषा वक्र असतात आणि हवेचे बुडबुडे दिसतात. जमिनीतल्या माणकात रेषा सरळ असतात, शिवाय सुयांसारखे बारीक स्फटिक अडकलेले असतात. थोडक्यात, रत्नांच्या जगात दोष हाच जन्माचा दाखला. मोठा, लालभडक, निर्मळ आणि स्वस्त असे चारही गुण एकाच खड्यात जमले, तर शंका घ्यावी. पण दाखल्याला भाव आला की दाखले तयार होऊ लागतात. भट्टीतला खडा तापवून एकदम थंड केला की त्याला आतून तडे जातात, आणि गिऱ्हाईक "आत दोष आहेत, म्हणजे नैसर्गिक!" म्हणून खूश होते. पाचूची तर आणखी गंमत. १९३४ मध्ये लंडनमध्ये चेल्सी फिल्टर नावाची एक गाळणी निघाली. तिच्यातून पाहिले की बहुतेक खरे पाचू लाल दिसत आणि काच हिरवीच राही. पुढे कारखान्यात पाचू बनू लागले, त्यांनाही रंग क्रोमियमचाच. ते त्या गाळणीतून खऱ्यापेक्षा जास्त लाल दिसू लागले. नक्कल जिथे असलापेक्षा अधिक मार्क मिळवते, तिथे घरगुती परीक्षकाने नम्रपणे बाजूला व्हावे हे बरे.

आता मूळ मुद्द्याचा पुरावा. भट्टीतली माणके आपल्या घराघरांत दोन पिढ्या सुखाने नांदली आहेत. एचएमटीच्या चावीच्या जनता घड्याळात १७ ज्वेल असत. ते सतरा खडे म्हणजे चाकांचे आस ज्यात फिरतात ती बनवलेली माणकेच. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत पाळीवर वेळेवर पोचलेली कित्येक मनगटे ही माणके घालून पोचली. एकानेही ग्राहक मंचात तक्रार केली नाही, कारण ही माणके बर्मातल्या मोगोकच्या खाणीतली आहेत असे एचएमटीने कधी म्हटलेच नव्हते. २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी जिल बायडेन यांना साडेसात कॅरटचा प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा भेट दिला. तो प्रयोगशाळेतला आहे हे आधीच सांगितले होते, म्हणून त्याला कुणी नकली म्हटले नाही. उलट उदाहरण ब्रिटिश राजमुकुटाचे. त्याच्या दर्शनी भागातले सुप्रसिद्ध 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' हे माणिकच नाही, ते स्पिनेल नावाचे वेगळेच खनिज आहे. त्या दगडाने शतकानुशतके कुणाला फसवले नाही, तो निमूट स्पिनेल म्हणूनच जगला. चुकत होते ते त्याची ओळख करून देणारे. तीच गत अमेरिकन डायमंडची. तो हिरा नाही, तो क्यूबिक झिर्कोनिया. आणि त्याचे व्यापारी उत्पादन १९७०च्या दशकात जमले ते मॉस्कोच्या भौतिकशास्त्र संस्थेत. शीतयुद्धाच्या ऐन भरात सोव्हिएत रशियाचा खडा आपल्याकडे अमेरिकन म्हणून मंगळसूत्राच्या वाट्यांत जाऊन बसला आणि दोन्ही महासत्तांना पत्ताही लागला नाही. खड्यात काही खोट नव्हती. खोट नावात होती.

शेजारच्या उल्हासनगरवर तर या प्रश्नाचे ओझे फार वर्षांपासून आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी संसार थाटले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या गावाची कोनशिला बसवली. हाती शून्य घेऊन आलेल्या माणसांनी जे विकले जाईल ते बनवले, आणि मग 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सगळ्या मुंबईने चघळला. त्या विनोदाची फोड केली तर आपलाच मुद्दा हाती येतो. पँट खरी होती, शिवण खरी होती, आणि ती घालून लोकांनी पंधरा पंधरा वर्षे काढली. शंका होती ती फक्त आतल्या बोटभर चिंधीवरच्या तीन अक्षरांवर. आज त्याच गावची जीन्स उघडपणे उल्हासनगरची म्हणून दूरदूर जाते, तेव्हा तिला नकली कोण म्हणतो? कापड बदलले नाही, वाक्य बदलले.

रत्नांचा सर्वांत प्रामाणिक व्यापार पाहायचा असेल तर झवेरी बाजारात जायचे कारण नाही, कर्जत लोकलचा लेडीज डबा पुरे. आडव्या पट्ट्यांच्या जाळीवर शे-दीडशे कानातली टांगलेली, ती जाळी डोक्यावर तोलत विक्रेती गर्दीतून वाट काढते. एका हाताने कडी, दुसऱ्या हाताने सुट्टे पैसे. "डायमंडवाले तीस, मोतीवाले वीस, बघायचे पैसे नाय!" गिऱ्हाईक एक जोड उतरवते, मोबाइलच्या काळ्या पडद्यात कान बघते, "काळे पडतील का गं?" विचारते. उत्तर येते, "पाणी लावलं तर पडतील ताई, मी खोटं का सांगू?" विठ्ठलवाडी ते अंबरनाथ एवढ्या अंतरात सौदा पुरा होतो. हिरा हा शब्द उच्चारला गेला, तो हिरा नाही हे दोघींना ठाऊक होते, किंमत त्याप्रमाणे ठरली, आणि काळे पडण्याची सूचनाही मिळाली. मोठ्या शोरूममध्ये जो खुलासा मिळवायला तीन माणसांना भेटावे लागते, तो इथे तीस रुपयांत आणि धावत्या गाडीत मिळतो.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. डोळ्यांना फरकच कळत नसेल तर नैसर्गिक काय आणि बनवलेला काय, दिसायला छान आहे ना? हा आक्षेप शंभर टक्के मान्य, फक्त तो पैसे देण्याआधी घ्यावा. फरक डोळ्यांना नसला तरी किमतीला आहे. प्रयोगशाळेतला हिरा हवा तेवढा बनवता येतो, म्हणून त्याचे भाव घसरत गेले. त्याला खाणीतल्या हिऱ्याची किंमत मोजली तर सौंदर्याच्या जोडीला आपण एक गोष्ट विकत घेतलेली असते, आणि ती गोष्ट खोटी असते. शिवाय खड्याच्या अंगी एक चमत्कार आहे, तो कुठल्याच भिंगाला दिसत नाही. दागिना घेताना कित्येक ठिकाणी खडे आणि आतली लाख सोन्याबरोबरच तोलली जातात, म्हणजे त्या क्षणी तो खडा सोने असतो. काही वर्षांनी तोच दागिना मोडीत न्यावा, की सोनार मान वाकडी करून म्हणतो, "खड्यांचं वजन वजा होणार." जातो तेव्हा दगड, येतो तेव्हा सोने! परीस परीस म्हणतात तो हाच असला पाहिजे, फक्त तो एकाच दिशेने चालतो. हॉलमार्क बघून निर्धास्त होणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे. १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासताही येतो. पण तो शिक्का सोन्याचा आहे. त्याच अंगठीत बसलेला खडा शेजाऱ्याच्या पासावर प्रवास करत असतो.

तिसरा आक्षेप पत्रिकेतून येतो. दिसण्याचे राहू द्या, ग्रहाला नैसर्गिक रत्नच लागते. ठीक आहे. पण शास्त्राने स्वतःच उपरत्नांची सोय केली आहे. पुष्कराज परवडत नसेल तर सुनेला घाला, नीलम नको तर नीली घाला. म्हणजे गुरू ग्रह एवढा समजूतदार आहे, की सुनेला हा सुनेला म्हणून घातला तर चालवून घेतो. तोच सुनेला पुष्कराज म्हणून पुष्कराजाच्या भावात गळ्यात मारला, तर मात्र फळ विकणाऱ्यालाच मिळते. इथेही हरकत खड्याला नाही, वाक्याला आहे. वजनाचाही घोळ आहेच. सव्वापाच रत्तीचा सांगितला म्हणजे नेमका केवढा? सोनाराच्या जुन्या तोळ्यातली रत्ती सुमारे ०.१२ ग्रॅमची, राशीच्या खड्यांच्या बाजारातली सुमारे ०.१८ ग्रॅमची. गुरूला यातली कोणती मान्य आहे हे कुणी विचारत नाही, आणि सव्वाचा आकडा जमला याच समाधानात मंडळी घरी येतात. कॅरट मात्र जगभर ०.२ ग्रॅमचा एकच.

चौथा आक्षेप सर्वांत मराठी आहे. आमचा सोनार घरचा आहे, आजोबांपासूनचा, त्याच्याकडे लिहून कसे मागायचे? वाईट वाटेल त्याला. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. सोनार सोन्यातला जाणकार असतो. खडे तोही दुसऱ्याकडून, त्या दुसऱ्याच्या शब्दावर घेतो. तो पूर्ण प्रामाणिक असूनही चुकीचे वाक्य पुढे पाठवू शकतो. माणकाच्या भेगांत शिशाची काच भरून ते चमकवलेले असेल, तर माणिकही खरे, काचही खरी, आणि सोनारही खरा. पैसे मात्र सगळ्याला माणकाचे. लिहून मागणे हा त्याच्यावरचा अविश्वास नाही, ती त्याला दिलेली ढाल आहे, कारण त्यालाही मग मागच्या माणसाकडून लिहून घ्यावे लागते. आणि कचरतो कोण, हेही तपासावे. ३ टक्के जीएसटी वाचवायला पक्के बिल नको म्हणणारे बहुधा गिऱ्हाईकच असते. शंभरावरचे तीन वाचवून ते अख्खे शंभर बोलाच्या कढीत आणि बोलाच्या भातात घालते.

लेखी पुराव्याचे महत्त्व या पट्ट्याला नव्याने शिकवायची गरज पडू नये. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख आहे. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळाशी तो या मंदिराचे नाते सांगतो. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती अक्षरशः हीच. साडेनऊशे वर्षांहून जुन्या साध्या बेसाल्टच्या दगडाकडे पक्का कागद आहे, आणि मागच्या अक्षय्य तृतीयेला घेतलेल्या माणकाकडे नाही. तिकडे सिन्नरला तर 'गारगोटी' नावाचे खनिजांचे संग्रहालयच आहे. सह्याद्रीच्या बेसाल्टमधली खनिजे तिथे स्वतःच्या नावाची पाटी लावून काचेच्या कपाटात बसली आहेत आणि लोक तिकीट काढून त्यांना बघतात. त्यांतलेच एखादे हिरा म्हणून विकायला काढले तर लोक पोलिसात जातील.

यावर शेवटचा आक्षेप असा, की कागदही खोटा असतो. असतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याच्या कडेवर नैसर्गिक हिऱ्याच्या अहवालाचा क्रमांक लेसरने कोरून आणलेले नमुने अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेपर्यंत पोचलेले आहेत. पण ते पकडले गेले, याचे कारण पडताळायला क्रमांक होता. तोंडी वाक्याला क्रमांक नसतो, तारीख नसते, सही नसते, आणि "मी असं म्हणालोच नव्हतो" हे त्याचे पुढचे वाक्य तयार असते. कागदावरचे खोटे हा गुन्हा होतो, तोंडावरचे खोटे हा गैरसमज होतो. रत्नाची शास्त्रीय तपासणीही काही सातासमुद्रापार होत नाही, मुंबईत रत्नशास्त्राच्या संस्था आणि प्रयोगशाळा आहेत. दररोज सकाळी बदलापूरहून हजारो माणसे त्याच दिशेला जातात, डबा नेतात, छत्री नेतात, शेजाऱ्याचे पार्सलसुद्धा नेतात. अंगठी मात्र कुणी नेत नाही, कारण तिची परीक्षा हळदीकुंकवाला होऊन गेलेली असते.

तेव्हा दूध वाचवावे, दात सांभाळावेत, उशाखाली उशीचा अभ्राच राहू द्यावा. दुकानात उभे असतानाच बिलावर चार गोष्टी लिहून मागाव्यात. खडा नैसर्गिक की बनवलेला. तापवणे, तेल मुरवणे, काच भरणे असे काही त्यावर केले आहे का. वजन कॅरटमध्ये किती. आणि खडे वगळून सोने किती. काच असेल तर 'काच' लिहिलेली चालेल, अमेरिकन डायमंड असेल तर तोही चालेल, बोटाला दोन्ही शोभतात. एवढे विचारून दुकानदाराकडे नीट पाहावे. त्याने पेन उचलून लिहायला घेतले, तर खडा कुठलाही असो, सौदा खरा. आणि "अहो, आपल्यात काय लिहून द्यायचं!" म्हणत त्याने दुसरा चहा मागवला, तर तो चहा निवांत प्यावा, अंगठी काउंटरवर ठेवावी आणि उठावे. परीक्षा झाली. नापास कोण झाले, ते खड्याला विचारायचे कारण नाही.